मत मोठ्यानं सांगण्याचे दिवस

बडोद्याच्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षं इतिहास शिकवला. अनुदानित कॉलेजातला मास्तर म्हणजे निवडणुकीच्या कामाला हक्काचा माणूस. लोकसभा असो, विधानसभा असो वा महापालिका, आदेशाचा कागद यायचाच. अशाच एका निवडणुकीत जुन्या वस्तीतल्या शाळेत आमचं मतदान केंद्र होतं. दुपारी गर्दी ओसरल्यावर नऊवारीतल्या एक आजी नातवाचा हात धरून आल्या. बोटाला शाई लावून घेतली आणि पुठ्ठ्याच्या आडोशाकडे न जाता टेबलापाशीच उभं राहून आपलं मत कुणाला, ते त्यांनी खणखणीत आवाजात सांगून टाकलं. मी गडबडून म्हणालो, "आजी, मोठ्यानं सांगायचं नसतं. आत जा, तिथं बटण दाबा." त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "का रे बाबा? मी काय चोरी करतेय होय?"

रांगेतले लोक हसले. मीही हसलो. आजी आत गेल्या, बटण दाबून आल्या आणि नातवाला घेऊन निघून गेल्या. पण त्यांना द्यायला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. "नियम आहे" याला उत्तर म्हणत नाहीत. मला जास्त खटकलं ते वेगळंच. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात मताधिकार कसा वाढत गेला, हे मी दर वर्षी वर्गात शिकवत होतो आणि त्या शतकात इंग्लंडातले मोठमोठे लोक नेमका आजींचाच प्रश्न विचारत होते. प्रामाणिक माणसानं आपलं मत लपवावं कशाला?

हा इतिहास आपण बहुधा जिन्यासारखा शिकवतो. १८३२चा सुधारणा कायदा ही पहिली पायरी, १८६७ची दुसरी, १८८४ची तिसरी, मग १९१८ आणि १९२८. प्रत्येक पायरीवर आणखी काही लोक मतदार होतात आणि शेवटी सगळे वर पोचतात. विद्यार्थ्यांना पाठ करायला सोपं, परीक्षकाला तपासायला सोपं. पण या जिन्यावर एकच प्रश्न विचारला जातो: मत कुणाला मिळालं? मिळालेलं मत त्या माणसाचं स्वतःचं होतं का, हा दुसरा प्रश्न बाजूलाच राहतो. आजी गेल्यानंतर मी तो जिना पुन्हा एकदा, या दुसऱ्या प्रश्नासाठी चढून पाहिला.

१८३२च्या आधीचं इंग्लंड घ्या. ओल्ड सॅरम नावाच्या टेकडीवर जवळजवळ कुणीच राहत नव्हतं, तरी तिथून दोन सभासद पार्लमेंटात जात. कापसाच्या गिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरचा मात्र स्वतःचा एकही सभासद नव्हता. १६ ऑगस्ट १८१९ रोजी त्याच मँचेस्टरमध्ये सेंट पीटर्सच्या मैदानावर सुमारे ६० हजार माणसं प्रतिनिधित्व मागायला जमली. त्यांत पांढरे कपडे घालून, झेंडे घेऊन आलेल्या बायकाही होत्या. त्या निःशस्त्र जमावावर घोडदळ घातलं गेलं. किमान पंधरा माणसं मेली, शेकडो जखमी झाली. चार वर्षांपूर्वीच्या वॉटर्लूच्या लढाईची आठवण देत लोकांनी या प्रकाराला उपरोधानं 'पीटर्लू' म्हटलं.

ज्यांना मत होतं, ते ते कसं देत? गावच्या चौकात लाकडी मंच उभारला जाई. उमेदवारांची नावं पुकारली जात आणि जमलेले लोक हात वर करत. यात मत नसलेलेही हात वर करत, कारण गर्दीत कोण मतदार आणि कोण नाही हे पाहणार कोण? हरलेला उमेदवार खऱ्या मतदानाची मागणी करी. मग एकेक मतदार मंचापाशी येऊन आपलं नाव आणि आपल्या उमेदवाराचं नाव मोठ्यानं सांगे, कारकून लिहून घेई. खाली गर्दी टाळ्या वाजवी, शिव्या देई, कधी कुजकी भाजी फेकी. १८३२पूर्वी हे पंधरा दिवसांपर्यंत चालू शके. कोण किती पुढे आहे ते मतदान चालू असतानाच कळत असल्यामुळे चुरशीच्या ठिकाणी शेवटच्या तासांत मताचा भाव चढे. चित्रकार विल्यम होगार्थनं १७५४च्या ऑक्सफर्डशायरच्या निवडणुकीवर चार चित्रांची मालिका काढली. त्यातल्या मतदानाच्या चित्रात मरणाच्या दारातल्या माणसालाही उचलून मत द्यायला आणलेलं दिसतं.

हे सगळं झाल्यावर अनेक ठिकाणी एक छापील वही विकायला येई. तिच्यात मतदाराचं नाव, कित्येकदा त्याचा धंदाही, आणि त्यानं कुणाला मत दिलं ते ओळीनं छापलेलं असे. चांभार, खाटीक, पाववाला, वकील. आज इतिहासकारांना या वह्या म्हणजे खजिनाच वाटतो. त्या काळात मात्र त्या वहीचा पहिला वाचक असे जमीनदाराचा कारभारी. आपल्या मालकाच्या कुळांपैकी कुणी कुठं मत दिलं, हे त्याला बोट फिरवून पाहता येई. बहुतेक मालकांना कुळाचं मत विकत घ्यावंसंही वाटत नसे. जमिनीच्या खंडासारखं तेही आपलंच, असं ते धरून चालत. कुळालाही पुष्कळदा त्यात वावगं वाटत नसे.

१८३२च्या कायद्यानं ओल्ड सॅरम गेलं, मँचेस्टरला दोन जागा मिळाल्या. शहरात वर्षाला दहा पौंड भाडं येईल एवढ्या किमतीच्या घरात राहणारा पुरुष मतदार झाला. इंग्लंड आणि वेल्समध्ये साधारण पाच प्रौढ पुरुषांपैकी एकाला मत मिळालं. याच कायद्यात मतदार म्हणजे 'पुरुष' असं पहिल्यांदा स्पष्ट लिहिलं गेलं. तोवर बायकांना रूढीनं बाहेर ठेवलं होतं, आता कायद्यानं ठेवलं. मत उघडपणेच द्यायचं, ते मात्र कायम राहिलं. लंडन शहरातून निवडून आलेला जॉर्ज ग्रोट, जो पुढे प्राचीन ग्रीसचा इतिहासकार म्हणून गाजला, १८३३पासून जवळजवळ दर वर्षी गुप्त मतदानाचा ठराव मांडत राहिला आणि दर वेळी हरला.

दहा पौंडांच्या रेषेखाली राहिलेल्या कामगारांनी १८३८ साली आपली 'लोकांची सनद' प्रसिद्ध केली. तिच्यात सहा मागण्या होत्या: एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाला मत, गुप्त मतदान, उमेदवाराला मालमत्तेची अट नको, सभासदाला पगार, सारख्या आकाराचे मतदारसंघ आणि दर वर्षी निवडणूक. मताची मागणी आणि गुप्ततेची मागणी शेजारी शेजारी होत्या, हे मी वर्गात कधी ठासून सांगितलं नव्हतं. सनद लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं, की गिरणीमालकाच्या डोळ्यांसमोर द्यावं लागणारं मत मिळून न मिळाल्यासारखंच आहे. १८४२ साली त्यांनी ३३ लाखांवर सह्यांचा अर्ज पार्लमेंटात नेला. त्याचं भेंडोळं इतकं मोठं होतं, की ते दारातून आत जाईना, तुकडे करून न्यावं लागलं. तो अर्ज विचारात घ्यायलाही सभागृहानं ४९ विरुद्ध २८७ मतांनी नकार दिला.

पण याच कामगारांच्या हातात उघड मतदानानं एक हत्यारही दिलं होतं. मत नसलेले कामगार आणि त्यांच्या बायका सभा घेऊन ठरवत, की आपल्या बाजूनं मत देणाऱ्या दुकानदाराकडूनच माल घ्यायचा, विरोधात देणाऱ्याच्या दुकानाची पायरी चढायची नाही. कामगारवस्तीतल्या पाववाल्याला मंचावर उभं राहून नाव घेताना खालच्या गर्दीत आपली गिऱ्हाइकं दिसत. म्हणजे मत एकाला, पण त्यावर डोळा दहाजणांचा. आणि ते दहाही सगळे धनदांडगे नव्हते. आठवड्याचा बाजार करणारी बाई पार्लमेंटच्या निवडणुकीत पोचत होती ती याच वाटेनं. गुप्त मतदानानं जमीनदाराबरोबर तिचाही डोळा बंद होणार होता.

इथंच जॉन स्टुअर्ट मिल येतो. वयाच्या सतराव्या वर्षापासून १८५८पर्यंत मिल लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. हिंदुस्थानाकडे जाणाऱ्या सरकारी पत्रांचे मसुदे लिहिणं हे त्याचं काम. त्याचे वडील जेम्स मिल गुप्त मतदानाचे कट्टर पुरस्कर्ते होते. मुलगाही आधी त्याच मताचा होता. पुढे त्यानं मत बदललं आणि १८६१च्या आपल्या प्रातिनिधिक राज्यपद्धतीवरील ग्रंथात गुप्त मतदानाला विरोध केला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मत ही मतदाराची खाजगी मालमत्ता नव्हे. मत म्हणजे दुसऱ्यांवर चालणारी सत्ता. ती समाजानं विश्वासानं हाती दिलेली ठेव आहे. ठेव सांभाळणाऱ्यानं हिशेब उघड ठेवला पाहिजे. धाकदपटशा आता कमी होत चालला आहे. आडोशात उभ्या राहिलेल्या माणसाचा स्वतःचा स्वार्थ हाच पुढचा मोठा धोका आहे.

हे मी पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा अस्वस्थ झालो, कारण ते चूक वाटत नाही. आमच्या आजींचा प्रश्नही याच मुळातला होता. जे चारचौघांत सांगायची लाज वाटते ते मनात तरी का धरावं? आणि मिल हा काही बड्यांचा वकील नव्हता. १८६६ साली बायकांना मत द्या म्हणणारा १४९९ सह्यांचा अर्ज त्यानंच पार्लमेंटात मांडला. तो अर्ज घेऊन आलेल्या दोघी बायकांनी मिल येईपर्यंत वेस्टमिन्स्टर हॉलमधल्या एका सफरचंदवालीच्या टपरीखाली तो लपवून ठेवला होता, असं सांगतात. पुढच्या वर्षी सुधारणा विधेयकातला 'पुरुष' हा शब्द काढून 'व्यक्ती' घालावा अशी सूचना मिलनंच मांडली. तिच्या बाजूनं ७३ मतं पडली. सूचना हरली, पण पार्लमेंटात हा विषय पहिल्यांदा मतास टाकला गेला.

त्याच वर्षी, २६ नोव्हेंबर १८६७ला, मँचेस्टरच्या पोटनिवडणुकीत एक गंमत झाली. चिनी मातीच्या भांड्यांचं छोटं दुकान चालवणाऱ्या लिली मॅक्सवेल नावाच्या विधवा बाईचं नाव चुकून मतदारयादीत आलं होतं. यादीत नाव आहे म्हटल्यावर अधिकाऱ्याला तिला अडवता येईना. ती गेली आणि जेकब ब्राइटचं नाव तिनं मोठ्यानं घेतलं. जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. मतदान गुप्त असतं तर तिचं मत पेटीत इतरांच्या मतांत मिसळून गेलं असतं. उघड होतं म्हणून ते देशभर ऐकू गेलं. पुढच्या वर्षी हजारो बायकांनी यादीत नाव घालण्यासाठी अर्ज केले. कोर्टानं निकाल दिला, की बायकांना तो हक्क नाही.

मिलच्या तर्काला उत्तर दुसऱ्या तर्कानं दिलं नाही. ते दिलं वेल्समधल्या शेतकऱ्यांनी, आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली. १८६७च्या कायद्यानं मतदारांची संख्या साधारण १० लाखांवरून २० लाखांवर गेली. पुढच्याच वर्षी निवडणूक झाली आणि वेल्समध्ये अनेक कुळांनी आपल्या जमीनदाराच्या इच्छेविरुद्ध लिबरल उमेदवारांना मतं दिली. मोठ्यानं, नाव घेऊन. निकाल लागल्यावर कार्डिगनशायर आणि कार्मार्थनशायरमध्ये कुळांच्या हाती जमीन सोडण्याच्या नोटिसा पडल्या. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली शेतं आणि राहती घरं गेली. धाकदपटशा कमी होत चालला आहे, हे मिलचं गृहीतक होतं. पण कुळं मुकाट्यानं मालकाच्या मनासारखं मत देतात तोवर धाक दिसणार कसा? तो दिसतो माणूस पहिल्यांदा मनासारखं वागतो त्या दिवशी. पार्लमेंटच्या समितीपुढे या हकिकती आल्या. ग्लॅडस्टनसारखे, जे आयुष्यभर उघड मतदानाच्या बाजूचे, तेही वळले. १८७१ साली उमरावांच्या सभागृहानं विधेयक फेटाळलं. १८७२च्या जुलैमध्ये ते मंजूर झालं, तेही १८८०पर्यंतच्या मुदतीनं, जणू प्रयोग म्हणून.

या कायद्याखाली पार्लमेंटची पहिली निवडणूक झाली यॉर्कशायरमधल्या पाँटिफ्रॅक्ट या गावी. तारीख होती १५ ऑगस्ट १८७२. आपल्याला ती तारीख वेगळ्या कारणासाठी पाठ आहे. हा निव्वळ योगायोग. पेटीला लाखेचं सील लावायचं होतं. त्यासाठी गावातल्या ज्येष्ठमधाच्या वड्या बनवणाऱ्या कारखान्याचा ठसा वापरला. ती पेटी आजही तिथल्या संग्रहालयात आहे. उमेदवार होता ह्यू चिल्डर्स. तो १८५०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीत राहून तिथल्या पहिल्या मंत्रिमंडळात बसून आला होता, आणि व्हिक्टोरियानं १८५६ सालीच गुप्त मतदान स्वीकारलं होतं. इंग्लंडनं ज्या मागण्यांसाठी सनदवाल्यांना तुरुंगात घातलं, काहींना थेट त्या बाजूच्या बेटांवर हद्दपार केलं, त्यातली एक मागणी वसाहतीत आधी कायदा झाली आणि मग मायदेशी परतली. पाँटिफ्रॅक्टमध्ये सगळ्यांना जाणवली ती शांतता. मंच नाही, आरडाओरड नाही, दारूचा पूर नाही. मतदार आडोशात जाई, कागदावर फुली मारी, घडी घालून पेटीत टाकी आणि घरी जाई.

१८७४च्या सार्वत्रिक निवडणुकीत आयर्लंडमध्ये स्वराज्याची मागणी करणारे सुमारे ६० सभासद निवडून आले. तिथल्या जमीनदारांच्या हातून कुळांची मतं निसटू लागली होती. १८८३ साली उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आली. १८८४ साली खेड्यांतल्या मजुरांना मत मिळालं. १८८४ आधी आणि १८७२ नंतर असा क्रम असता, तर मजुरांची मतं मालकांच्या थैल्यांत किती पडली असती, याचा विचार मी आता वर्गात करायला लावतो.

बाकी युरोपही हेच सांगतो. फ्रान्सनं १८४८च्या क्रांतीत एका फटक्यात सगळ्या प्रौढ पुरुषांना मत दिलं. मतदार अडीच लाखांवरून ९० लाखांच्या आसपास गेले. त्या एप्रिलमध्ये लेखक आणि राजकारणी तॉकव्हिल आपल्या गावकऱ्यांबरोबर रांगेनं चालत मतदानाला गेला. गावानं एकमुखानं मत दिलं असावं असं त्यानंच पुढे आठवणींत लिहून ठेवलं आहे. मतपत्रिका होती, पण आडोसा आणि लिफाफा फ्रान्समध्ये आला तो १९१३ साली. प्रशियात तर १८४९पासून मतदारांचे कराच्या रकमेप्रमाणे तीन वर्ग होते आणि मत तोंडी, उघड द्यावं लागे. हे १९१८पर्यंत चाललं. मत देणाऱ्यांची संख्या मोठी आणि मताची मोकळीक छोटी, असं राज्य बड्यांना फार सोयीचं असतं.

या कथेत आपला एक माणूस आहे. १८८६ साली दादाभाई नौरोजी लंडनच्या हॉबर्नमधून उभे राहिले आणि पडले. दोन वर्षांनी पंतप्रधान सॉल्सबरींनी एका भाषणात त्यांचा उल्लेख 'काळा माणूस' असा केला आणि इंग्रज मतदार अशाला निवडणार नाही असं सुचवलं. १८९२ साली सेंट्रल फिन्सबरीतून दादाभाई निवडून आले. आघाडी आधी पाच मतांची जाहीर झाली, फेरमोजणीत तीनची ठरली. २९५९ विरुद्ध २९५६. पंतप्रधानांनी जाहीरपणे हिणवलेल्या माणसाचं नाव चौकात, मालकासमोर आणि शेजाऱ्यांसमोर मोठ्यानं घ्यायला लागलं असतं, तर त्या २९५९ जणांपैकी किती जण कचरले असते? सिद्ध करता येत नाही, पण चार जणसुद्धा पुरेसे होते.

आजींच्या प्रश्नाचं उत्तर मला आता देता येईल असं वाटतं. "चोरी तुम्ही करत नाही, आजी. तुमचं मत चोरायला टपलेल्यांना ते दिसू नये म्हणून हा पुठ्ठा." पण मिलची अर्धी गोष्ट मी विसरणार नाही. आडोशात आपण एकटे असतो, तरी तिथलं बटण दुसऱ्यांच्याही आयुष्यावर चालतं. लिली मॅक्सवेलला टाळ्या मिळाल्या त्या तिच्या धीटपणाला. धीटपणा मोठाच, पण मत देण्यासाठी माणसाला धीट असावं लागू नये, एवढीच त्या पुठ्ठ्याची कामगिरी.

आणि ती अजून पुरी झालेली नाही. आज आपल्याकडे एकट्या माणसाचं मत झाकलेलं असतं, पण एकेका केंद्राचे आकडे वेगवेगळे जाहीर होतात. कुठल्या वस्तीनं, कुठल्या पाड्यानं कुणाला मत दिलं, ते दुसऱ्या दिवशी कळतं. अनेक केंद्रांच्या यंत्रांतली मतं एकत्र मोजावीत अशी सूचना निवडणूक आयोगानं केली होती. ती अमलात आली नाही. म्हणून निकालानंतर "तुमच्या वस्तीतून आम्हाला मतं पडली नाहीत, आता नळाचं काम घेऊन आमच्याकडे येऊ नका" असं कुणी म्हणालं, की मला ती जुनी छापील वही आठवते. नावं नसतील तिच्यात, पण वस्तीचं नाव असतंच. आणि कारभाऱ्याचं बोट अजून फिरतंय.